मेंदूतले पांढरे ठिपके

गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगमधला एकजण घरून परतला तो मोठं पाकीट घेऊनच. आत त्याच्या ताईच्या मेंदूच्या एमआरआयची फिल्म, इथल्या डॉक्टरांना दाखवायला आणलेली. ताई २७ वर्षांची. आधी एका डोळ्याने धूसर दिसू लागलं, पुढे पाय जड पडू लागला. निदान झालं मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. पठ्ठ्याने फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून पांढरे ठिपके मोजले. नऊ भरले. "नऊ म्हणजे किती वाईट रे?" आम्ही सगळे गप्प. त्यानंतर जी शोधाशोध केली ती इथे मांडतो.

मेंदूतल्या तंतूंवर मायलिनचं चरबीयुक्त वेष्टण असतं. इलेक्ट्रिकलवाले लगेच म्हणतील, वायरचं इन्सुलेशन! बरोबर, पण आपल्या इस्त्रीच्या वायरचं इन्सुलेशन गेलं तरी इस्त्री तापते, फक्त शॉकची भीती. इथे मात्र मायलिन गेलं की संदेशच मंदावतो किंवा वाटेत विरतो. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मायलिनवर उलटते आणि मागे कडक चट्टे राहतात. पॅरिसमध्ये शार्को यांनी १८६८ साली या चट्ट्यांची रुग्णाच्या लक्षणांशी सांगड घातली. पण चट्टे डोळ्यांनी पाहायचे तर शवविच्छेदनाशिवाय मार्ग नव्हता.

आता गंमत पाहा. नेहमीचा एमआरआय मायलिन दाखवतच नाही, तो दाखवतो पाणी! १.५ टेस्लाच्या चुंबकात पाण्यातल्या हायड्रोजनचे प्रोटॉन सुमारे ६४ मेगाहर्ट्झला प्रतिसाद देतात (आपल्या एफएमच्या जरा खाली). रेडिओ लहरीचा धक्का दिला की ते परत सिग्नल देतात आणि तो सिग्नल हळूहळू विरतो. मायलिनच्या थरांत अडकलेल्या पाण्याचा सिग्नल इतका झटपट विरतो की चित्र टिपेपर्यंत तो संपलेला असतो. चट्ट्यात मायलिन कमी, मोकळं पाणी जास्त. तिथला सिग्नल रेंगाळतो, म्हणून जागा पांढरी दिसते. म्हणजे ठिपका हा थेट पुरावा नव्हे. सूज असो की कायमचं नुकसान, दोन्ही पांढरंच.

तरीही या तंत्राने क्रांती केली, यात शंका नाही. १९८१ साली लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये एमएसच्या १० रुग्णांचे स्कॅन झाले. सीटी स्कॅनमध्ये १९ चट्टे दिसले होते. नव्या यंत्रात ते तर दिसलेच, शिवाय आणखी ११२!

पुढे गॅडोलिनियमचं इंजेक्शन आलं. रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत जिथे हल्ल्यामुळे गळते तिथे ते झिरपतं आणि तो चट्टा उजळतो. काही आठवड्यांनी उजळणं थांबतं. त्यामुळे ताजा चट्टा कुठला आणि जुना कुठला, हे एकाच स्कॅनमध्ये ओळखता येतं. २००१ च्या मॅक्डोनाल्ड निकषांनी असा पुरावा निदानात अधिकृतपणे धरला. दुसऱ्या झटक्याची वाट पाहत बसण्याची गरज त्यामुळे अनेकांच्या बाबतीत उरली नाही. औषध लवकर सुरू करता येतं, हा मोठाच फायदा.

आता मित्राच्या प्रश्नाकडे येतो. ठिपक्यांची संख्या आणि रुग्णाचा त्रास यांचं नातं फार सैल आहे. फिल्म ठिपक्यांनी भरलेला माणूस रोज कामावर जात असतो, तर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एकच लहानसा चट्टा असलेल्याला जिना चढवत नाही. कारण जागा महत्त्वाची. शिवाय तंतू तुटलाय की फक्त वेष्टण गेलंय, हे ठिपका सांगत नाही. मेंदूच्या बाहेरच्या करड्या थरातले बरेचसे चट्टे तर नेहमीच्या स्कॅनमध्ये उमटतच नाहीत. उलट बाजूने, मेंदू काही कामं दुसऱ्या वाटांनी वळवूनही घेतो.

म्हणून डॉक्टर एक फिल्म पाहून भविष्य सांगत नाहीत. ते जुनी आणि नवी फिल्म शेजारी ठेवून नवीन काही आलंय का, एवढं आधी बघतात. औषध लागू पडतंय की बदलायचं, हे ठरवताना त्याचाच उपयोग होतो.

हे सगळं मी मित्राला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि फिल्म पाकिटात ठेवली, पुढच्या स्कॅनच्या वेळी लागेल म्हणून. ताईचं औषध चालू आहे आणि ती पुन्हा शाळेत शिकवायला जाऊ लागली आहे.