घरातली झाडं (भाग १४) : कुंडीतली चिलटं आणि बेळ्ळंदूरचं तळं

खिडकीच्या दिशांबद्दल आज लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या रविवारी, कारण आमच्या बंगळूरमधल्या बेळ्ळंदूरच्याच एका ताईंचं पत्र आलंय आणि तो विषय ताबडतोब घ्यायला हवा. त्या मूळच्या सोलापूरच्या. दिवाणखान्यात पीस लिली, मनी प्लान्ट, सिंगोनियम. आता कुंडीला हात लावला की बारीक काळी चिलटं उडतात, चहात पडतात, लॅपटॉपच्या पडद्यावर फिरतात. बाल्कनीला जाळी बसवूनही उपयोग झाला नाही. ‘तळं इतकं जवळ आहे, तिथूनच येत असतील ना?’ असं त्या विचारतात.

तळ्यावर संशय जाणं साहजिक आहे. २०१५ साली त्याचा फेस रस्त्यावर आला, फेसानं पेट घेतला. जानेवारी २०१८ मधली आग विझवायला लष्कराची मदत घ्यावी लागली. पण या बाबतीत तळं निर्दोष आहे. डास पाण्यात वाढतात. ही चिलटं ब्रॅडिसिया प्रजातीतली, ती मातीत वाढतात. जाळी बसवून त्यांना आपण घरातच कोंडलं, इतकंच.

खात्री करायची तर कच्च्या बटाट्याची चकती मातीवर ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी उलटून पाहा. पारदर्शक अंगाच्या, काळ्या चकचकीत डोक्याच्या अळ्या दिसल्या तर शंका उरत नाही. मादी ओल्या मातीत शे-दीडशे अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळ्या बाहेर येतात आणि पुढे साधारण दोन आठवडे वरच्या दोन इंचांत बुरशी, कुजकं आणि कोवळी केसमुळं खातात. उडणारं चिलट जेमतेम आठवडाभर जगतं. म्हणून हवेत फवारे मारणं व्यर्थ आहे. आपल्याला दिसतात ती जाणारी. येणारी मातीत असतात.

आता ताईंच्या पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य : ‘रोज सकाळी प्रत्येक कुंडीला एक पेला पाणी, आईची सवय.’ सोलापूरच्या एप्रिलात ही सवय अगदी बरोबर. चाळीस अंशांच्या वर पारा गेला की सकाळी भिजवलेली कुंडी संध्याकाळी कोरडी होते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर. उन्हाळा सौम्य, पाऊस मे ते ऑक्टोबर रेंगाळणारा. दिवाणखान्यातल्या सावलीत तोच पेला आठवडाभर मुरत राहतो. त्यात नर्सरीतून येणारी झाडं बहुधा कोकोपीटमध्ये असतात. कोकोपीट वरून फिकट, कोरडं दिसतं आणि बोटभर खाली चिंब असतं. डोळ्यांवर विश्वास ठेवून पाणी घातलं की अळ्यांची सोय झालीच.

त्यामुळे पहिला उपाय म्हणजे पाणी थांबवणं. बोट दोन इंच आत घाला. तिथं कोरडं लागेपर्यंत थेंबही नको. बशीत साचलेलं पाणी ओतून द्या. पीस लिली तहानली की पानं टाकते, त्यानं घाबरू नका. पाणी मिळाल्यावर काही तासांत उभी राहते. मातीवर पसरलेला चहाचा चोथा, निंबोळी पेंड आजच काढा. ओलीत त्यावर बुरशी धरते आणि अळ्यांना आयतं जेवण मिळतं. पेंड द्यायचीच तर मातीत मिसळून, तीही चिलटं गेल्यावर. चिलटांवर उपाय म्हणून सुचवल्या जाणाऱ्या दालचिनीच्या पुडीवर माझा भरवसा नाही.

एवढ्यानं भागलं नाही तर बीटीआय. याची गोष्ट मला फार आवडते. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटात योएल मार्गालित यांना एका डबक्यात मेलेल्या डासअळ्यांचा थर दिसला. त्यातून सापडलेला जिवाणू म्हणजे बॅसिलस थुरिन्जिएन्सिस इस्राएलेन्सिस. त्याचे प्रथिनांचे स्फटिक अळीनं गिळले की तिच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतात आणि आतड्याचं अस्तर फाडतात. माणसाच्या पोटात आम्ल असतं. तिथं तो प्रकार होत नाही. पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरनं याचा देशी वाणही तयार केला आहे. म्हणजे तळ्याकाठच्या डासांवरचं औषधच आपल्या कुंडीतल्या अळ्यांवर चालतं, कारण दोघी द्विपंखी गणातल्या.

दुकानात मात्र नीट पाहून घ्या. शेतीच्या दुकानात नुसतं ‘बीटी’ मागितलं तर बहुधा कुर्स्ताकी वाण हातात पडतो. तो पतंगांच्या अळ्यांसाठी, चिलटांवर निरुपयोगी. वेष्टनावर ‘इस्राएलेन्सिस’ हवंच. लेबलवरच्या प्रमाणात पाण्यात कालवून, झाडाला पाणी देण्याच्या दिवशीच ते घाला आणि दर आठवड्याला, महिनाभर. अंडी आणि कोष त्याला दाद देत नाहीत. एकदाच घालून सोडलं तर पुढची पिढी सुखरूप वर येते. सोबत पिवळी चिकट कार्डं मातीलगत खोचा. त्यांनी प्रश्न सुटत नाही, पण दर रविवारी चिकटलेली चिलटं मोजली की आकडा उतरतोय की नाही ते कळतं.

मोठ्या मनी प्लान्टला या अळ्यांनी फारसं काही होत नाही. रोपं आणि नुकती लावलेली कलमं मात्र केसमुळं गमावून बसतात. नवी कलमं लावणार असाल तर कोकोपीटवर आधी उकळतं पाणी ओता, झाकून पूर्ण गार होऊ द्या, मग पिळून वापरा. उघडं पडलेलं जुनं पोतं तसंच वापरू नका. अंडी त्यातूनही येतात.