चिखलणीआधी बैलाचा खांदा तपासा



आरेचे पाडे असोत की गोराई-मनोरीची खाचरं, जिथे ट्रॅक्टर वळत नाही तिथे चिखलणीला बैल नाहीतर रेडाच लागतो. ऐन लावणीत त्याचा खांदा सुजला की जोडी बसून राहते. भाताचं रोप २१ ते २५ दिवसांत लावायला हवं. त्यापुढे ते जून होतं आणि फुटवे कमी येतात. म्हणून आत्ताच एवढं करा:

१) वर्षभर बसून असलेल्या बैलाची कातडी मऊ पडते. आठ दिवस आधीपासून रोज तासभर हलक्या कामाला जुंपा, मग वेळ वाढवा.

२) एक बैल आपला, एक शेजाऱ्याचा अशी जोडी जमवताय? दोघांची उंची आणि ताकद जुळते का बघा. उंचीत फरक असला की जू कलतं आणि भार एकाच खांद्यावर येतो.

३) जू हाताने चाचपून पाहा. खिळा, गाठ, तडा नको. खरखरीत भाग घासून गुळगुळीत करा. ओलं गोणपाट खांद्याखाली ठेवू नका. डांगी बैल भरपावसात टिकतो, पण ओल्या खांद्यावर जू घासलं तर तोही सोलवटतो.

४) १९६५ च्या नियमांनुसार जनावराकडून गाडी ओढण्याचं किंवा ओझं वाहण्याचं काम दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त घेता येत नाही. चिखलणी तर सगळ्यात जड काम. मध्ये मध्ये जू उतरवा, पाणी पाजा.

५) काम सुटल्यावर मान आणि पाय धुऊन कोरडे करा. खुरांच्या बेचक्यात काच, खडा अडकलाय का बघा. आपल्याकडे ओढ्यातून शेतात काचा येतात.

खांदा गरम लागला, सुजला किंवा हात लावताच बैल अंग चोरू लागला, तर त्याच दिवशी काम थांबवा. पहिल्या दिवशी थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा. डाग देऊ नका, गाडीचं जुनं ऑइल लावू नका, गाठ फोडू नका. १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करून डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीला विश्रांतीने बरं होणारं दुखणं तसंच जुंपत राहिलात तर आवाळू होतं, मग ऑपरेशनची वेळ येते.

ज्याच्या बैलाशी तुमची जोडी आहे, त्यालाही हा मेसेज पाठवा. दोन्ही बैलांचे खांदे ठीक असले तरच जोत चालेल.