सरासरीने झाकलेली गोळीची ताकद

टेनोफोव्हिर आणि एम्ट्रिसिटाबिन ही औषधे असलेली गोळी आधीपासून घेतली, तर एचआयव्हीची लागण कितपत टळते? आफ्रिकेतील चाचण्यांची उत्तरे एकमेकींशी जुळली नाहीत. केनिया-युगांडातील ‘पार्टनर्स प्रेप’ चाचणीत लागण 75 टक्क्यांनी घटली. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वेतील स्त्रियांच्या ‘व्हॉइस’ चाचणीत तीच गोळी निष्प्रभ दिसली. योनीमार्गाच्या ऊतींत टेनोफोव्हिर कमी साठते, म्हणून स्त्रियांना ते पुरत नसावे, असा तर्क पुढे आला. मात्र ‘व्हॉइस’मध्ये ही गोळी दिलेल्या स्त्रियांच्या तपासलेल्या रक्तनमुन्यांपैकी 30 टक्क्यांहून कमी नमुन्यांतच औषध सापडले होते.

चाचणीचा आकडा गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या सर्वांची सरासरी असतो. समजा, औषध 90 टक्के संरक्षण देते, पण 30 टक्केच स्त्रिया ते घेतात. मग चाचणीत परिणाम दिसेल जेमतेम 27 टक्के. औषधाची ताकद आणि ते घेण्याचे प्रमाण या दोन गोष्टी सुट्या करायला गणिती प्रारूप लागते. रक्तात औषध किती उतरते, पेशींत त्याचे सक्रिय रूप किती टिकते आणि शरीरात शिरलेल्या विषाणूंपैकी एखादा तरी तग धरण्याची शक्यता किती, हे दुवे ते जोडते. 2023मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या अशा अभ्यासानुसार, चाचण्यांतील तफावत गोळी न घेणाऱ्यांच्या प्रमाणावरूनच उलगडते आणि आठवड्यातून किमान दोन गोळ्या पोटात गेल्या, तरी संरक्षण सुमारे 90 टक्के भरते.

गोळी नेमाने घेणाऱ्या स्त्रिया एरवीही सावध असतील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच या अभ्यासाने केवळ त्यांच्या आकड्यांवर भिस्त ठेवली नाही. औषध व विषाणूच्या जैविक मोजमापांतून निघालेले अंदाज चाचण्यांच्या निकालांशी ताडून पाहिले आणि स्त्री-पुरुष भेदाची गृहीतके त्यात टिकली नाहीत. अर्थात, दोन गोळ्या पुरतात असा सल्ला यातून काढू नये. रोजच्या गोळीचा नेम असला, तर एखादा दिवस चुकला तरी संरक्षण टिकते.

दक्षिण आफ्रिका-युगांडातील ‘पर्पज 1’ चाचणीचे 2024चे निकालही औषध शरीरात पोहोचणेच निर्णायक असल्याचे सांगतात. सहा महिन्यांतून एकदा लेनाकॅपाव्हिरचे इंजेक्शन घेतलेल्या 2134 स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. रोजची जुनी गोळी दिलेल्या 1068 जणींपैकी 16 जणींना झाली आणि तिथेही बहुतेकींच्या गोळ्या चुकत होत्या. तेव्हा औषधाला नापास ठरवण्याआधी ते पोटात गेले होते का, हे विचारायलाच हवे. गेले नसेल, तर दवाखान्याचे अंतर, जोडीदाराचा संशय आणि लोकलाज यांवर उपाय शोधणे ही आरोग्यव्यवस्थेची जबाबदारी आहे.