कॉफी : बुंदापासून पेल्यापर्यंत – लेखांक ५ : भांडे आणि पूड

गेल्या लेखांकात बुंद भाजण्याचा विचार झाला; आता ते किती बारीक दळावेत हा प्रश्न ओघानेच येतो, आणि त्याचा निकाल करण्यापूर्वी, ज्या भांड्यात कॉफी सिद्ध व्हावयाची त्यात पाणी व पूड यांचा सहवास किती मुदतीचा असतो, हे पाहणे अगत्याचे आहे. भाजलेल्या बुंदाच्या वजनाचा सुमारे ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, तरी पेल्यात उतरावा तो अदमासे १८ ते २२ टक्केच. कारण आम्ल द्रव्ये आधी सुटतात, माधुर्य मागाहून येते आणि कटू, तुरट अंश सर्वांच्या शेवटी बाहेर पडतात. कण सूक्ष्म असला की पाण्यास भिडणारे पृष्ठफळ वाढते व हा क्रम झपाट्याने आटोपतो. सबब जेथे सहवास दीर्घ तेथे पूड जाड, हा सामान्य दंडक होय.

फ्रेंच प्रेसमध्ये पूड चार मिनिटे पाण्यात बुडून राहते, म्हणून ती भरडच हवी. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ साली टीपकागदातून कॉफी गाळण्याची जी युक्ती काढली, तिला मध्यम पूड मानवते. आणि कागद तैलांश अडवून धरीत असल्यामुळे, हलक्या भाजणीच्या अरेबिकाचा सुवास त्या नितळ पेयात विशेष स्पष्ट कळतो.

दक्षिणी फिल्टरपाशी मात्र हा दंडक मोडल्यासारखा दिसतो, आणि म्हणूनच त्या दुमजली भांड्याचा विचार मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यात पाणी पंधरा-वीस मिनिटे थेंबाथेंबाने पाझरते, तरी पूड बारीकच लागते. कारण वरच्या भांड्याच्या छिद्रांवर कागद नसतो, पाण्यास अटकाव करावयाचा तो पुडीच्या थरानेच, आणि पूड जाड पडली तर पाणी भराभर उतरून डिकॉक्शन फिके होते. उलट ती पिठूळ झाली तर छिद्रे बुजतात व झिरपणेच थांबते. शिवाय या डिकॉक्शनला पुढे भरपूर दुधात आपली चव राखावयाची असते. तेव्हा अरेबिकाच्या जोडीस थोडा रोबस्टा, ज्यात कॅफीन जवळजवळ दुप्पट असते, घालण्याची चाल योग्यच म्हणावी लागेल. चिकरीचे मूळ रंग व दाटपणा देते, सुगंध देत नाही. कायद्याने ४९ टक्क्यांपर्यंत तिची मुभा असली तरी, पीबेरीसारखा उंची जिन्नस घेऊन त्यात निम्मी चिकरी मिसळणे हा मला त्या बुंदावरचा अन्याय वाटतो.

अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या नावाशी निगडित असलेले, १९३३ सालचे मोका भांडे वाफेच्या दाबाने पाणी वर चढविते. तो दाब एस्प्रेसो यंत्राच्या नऊ वातावरणांच्या मानाने अगदीच बेताचा, म्हणून पूड एस्प्रेसोहून किंचित जाड ठेवावी आणि चाळणीत ती दाबून बसवू नये.

माटुंग्याच्या दुकानांत ग्राहकासमोर बुंद दळून देण्याची सोय आहे. तेथे निव्वळ ‘बारीक’ न म्हणता भांड्याचे नाव सांगावे, आणि कॉफी कडू झाल्यास पुढील खेपेस पूड थोडी जाड, आंबट व पातळ लागल्यास थोडी बारीक मागावी. मात्र त्याच वेळी पुडीचे प्रमाण किंवा भाजणी बदलू नये, नाहीतर फरक कशाने पडला याचा उलगडा होत नाही. पाण्याच्या उष्णतेचा व क्षारांचा विचार पुढील लेखांकात करू.