मंदी, करसवलत आणि सार्वजनिक कामे

मंदी आली म्हणजे शासनाने काय करावे, या प्रश्नावर बहुतेक लोकशाही देशांत दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, शासनाने रस्ते, शाळा, धरणे यांची कामे काढावीत आणि रिकाम्या हातांना मजुरी द्यावी. दुसरा म्हणतो, कर कमी करावेत. लोकांचा पैसा कसा खर्चावा हे शासनापेक्षा लोकांनाच अधिक कळते. या दोन्ही मार्गांनी शासकीय तिजोरीत सारखीच तूट येते, ही गोष्ट मात्र वादाच्या भरात मागे पडते. शंभर कोटींचा रस्ता बांधला काय किंवा शंभर कोटींचा कर सोडला काय, कर्ज तेवढेच काढावे लागते. वाद तुटीचा असल्याचे भासले, तरी वस्तुतः तो ती तूट कोणाच्या पदरात पडावी, याचा असतो.

या वादाचे अलीकडच्या काळातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेत २००९ साली संमत झालेला अर्थव्यवस्था सावरण्याचा कायदा होय. आपल्याकडे अर्थसंकल्पाच्या दिवसांत जे युक्तिवाद कानी पडतात, त्यांपैकी बहुतेक सर्व त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये मांडले गेले. त्यांचे पुढे काय झाले, हेही आता आपल्यासमोर आहे. म्हणून तो प्रसंग जरा तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल.

आधी धनादेश, मग कायदा

अमेरिकेतील मंदीचा प्रारंभ डिसेंबर २००७ मध्ये झाला. पहिला उपाय रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये योजला. त्या वर्षापुरती सुमारे १५,२०० कोटी डॉलरची ही योजना होती आणि तिचा मोठा भाग कर परत करण्याचा होता. साधारणतः व्यक्तीस ६०० व जोडप्यास १,२०० डॉलरपर्यंतचे धनादेश घरपोच गेले. पैसा हाती आला की लोक बाजारात जातील, ही अपेक्षा होती. मिशिगन विद्यापीठातील अर्थतज्ज्ञांनी लोकांना विचारले, तेव्हा ही रक्कम मुख्यतः खर्च करू असे सांगणारे पाचांत एक निघाले. उरलेल्यांचा कल कर्ज फेडण्याकडे किंवा शिल्लक टाकण्याकडे होता. कुटुंबाच्या दृष्टीने यात चुकीचे काहीच नाही. उद्याची शाश्वती नसलेल्या माणसाने हात आखडता घेतला, तर त्याला कोण दोष देईल? परंतु बाजाराला जे हवे होते ते त्यामुळे मिळाले नाही.

सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली आणि मंदीने उग्र रूप धारण केले. अखेरपर्यंत सुमारे ८७ लाख रोजगार नष्ट झाले. जानेवारी २००९ मध्ये अधिकारारूढ झालेल्या बराक ओबामा यांच्या शासनाने ७८,७०० कोटी डॉलरचा कायदा मांडला. २८ जानेवारी रोजी प्रतिनिधिगृहात तो २४४ विरुद्ध १८८ मतांनी संमत झाला, तेव्हा रिपब्लिकन पक्षाचे एकही मत त्याला पडले नाही. सिनेटमध्ये अंतिम मतदान ६० विरुद्ध ३८ असे झाले. त्यात रिपब्लिकन मते केवळ तीन होती, आणि त्यांवाचून विधेयक पुढे सरकलेच नसते.

विरोधकांचे म्हणणे हटवादी होते असे समजणे अन्यायाचे ठरेल. सार्वजनिक कामे सुरू होण्यास वर्ष-दोन वर्षे लागतात, तोवर मंदी सरलेली असते, हा त्यांचा पहिला आक्षेप. एकदा सुरू झालेला खर्च बंद करणे कोणत्याही शासनाला जड जाते, हा दुसरा. तिसरा अधिक मर्मभेदी होता. ओबामा यांच्या आर्थिक सल्लागार मंडळाच्या अध्यक्षा क्रिस्टिना रोमर यांनीच आपल्या पतीसमवेत केलेल्या अभ्यासात असे दाखविले होते, की देशाच्या स्थूल उत्पादनाच्या एक टक्का इतका कर वाढविल्यास उत्पादन सुमारे तीन टक्क्यांनी घटते. मग कर घटविल्यास ते तितकेच का वाढू नये, असा विरोधकांचा प्रश्न होता. सल्लागाराचे जुने लेखन प्रतिपक्षाच्या हाती लागले म्हणजे काय होते, याचा हा नमुना.

शंभर रुपयांचा प्रवास

समर्थकांचा आधार गुणकाच्या कल्पनेवर होता. ती समजण्यास आपल्या आठवड्याच्या बाजाराइतके चांगले उदाहरण नाही. बंधाऱ्याच्या कामावर मिळालेल्या शंभर रुपयांपैकी नव्वद रुपये मजूर बाजारात ज्वारी, तेल, मीठ, चपला यांवर खर्च करतो. तेल्याच्या व चर्मकाराच्या हाती आलेल्या त्या नव्वदांतून ते ऐंशी रुपये पुढे सोडतात. असे करीत मूळच्या शंभरांतून शंभरांहून अधिक रकमेची उलाढाल होते. याउलट तेच शंभर रुपये करसवलतीच्या रूपाने सुस्थितीतील गृहस्थाला मिळाले, तर त्याची गरज आधीच भागलेली असल्याने ते बहुधा बँकेत पडून राहतात. आणि मंदीच्या दिवसांत कर्ज घेणारा गिऱ्हाईकच नसल्याने बँकेतूनही ते बाहेर येत नाहीत.

अमेरिकन काँग्रेसचे अर्थसंकल्प कार्यालय कोणत्याही पक्षाला बांधलेले नसते. या कायद्याविषयीच्या आपल्या अहवालांत त्याने वेगवेगळ्या खर्चांचे गुणक दिले आहेत. शासनाने थेट केलेल्या खरेदीचा गुणक ०.५ ते २.५, कनिष्ठ व मध्यम उत्पन्नाच्या लोकांना दिलेल्या तात्पुरत्या करसवलतीचा ०.३ ते १.५, आणि वरच्या उत्पन्नगटाला दिलेल्या अशाच सवलतीचा ०.१ ते ०.६. या आकड्यांत समर्थकांनी फक्त क्रम पाहिला आणि विरोधकांनी फक्त त्यांमधील अंतर. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. खर्च सवलतीहून प्रभावी ठरण्याचा संभव अधिक हे जसे त्यांत दिसते, तसेच खर्च वाईट निघाला आणि सवलत योग्य हाती पडली तर पारडे फिरू शकते, हेही दिसते.

आता या कायद्यातील एक गोष्ट, जी सभागृहातील भाषणांत जवळजवळ झाकली गेली. ७८,७०० कोटींपैकी २८,८०० कोटी डॉलर, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक रक्कम, करसवलतीचीच होती. नोकरदारास वर्षाला ४०० व जोडप्यास ८०० डॉलरची सूट देण्यात आली, परंतु धनादेशाने नव्हे. एकरकमी आलेला पैसा शिल्लक टाकला जातो, हा २००८ चा अनुभव होता. म्हणून वेतनातून होणारी करवसुलीच किंचित घटविण्यात आली. प्रत्येक वेतनात थोडे डॉलर अधिक येऊ लागले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने युक्ती चतुर होती. लोकांच्या मात्र ते ध्यानातच आले नाही. आपला कर कमी झाला आहे, हे फार थोड्या अमेरिकनांना ठाऊक होते. ज्या सवलतीचा बोभाटा व्हावयाचा ती गुपचूप गेली आणि कायद्याला नाव पडले ते उधळपट्टीचे. माहिती खात्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते.

शिक्षकांचे वेतन आणि कुदळ मारण्याजोगी कामे

खर्चाचा एक मोठा भाग नव्या कामांसाठी नव्हताच. अमेरिकेतील जवळजवळ सर्व राज्यांवर अर्थसंकल्प समतोल ठेवण्याचे बंधन आहे. मंदीत कराचे उत्पन्न घटले की राज्ये खर्च कापतात, आणि राज्यांचा मोठा खर्च म्हणजे शाळा. केंद्राने एका हाताने पैसा ओतावयाचा आणि राज्यांनी शिक्षकांना घरी बसवावयाचे, असा विरोधाभास त्यातून निर्माण होतो. तो टाळण्यासाठी ५,३६० कोटी डॉलरचा वेगळा निधी राज्यांसाठी ठेवण्यात आला. साउथ कॅरोलिनाचे रिपब्लिकन गव्हर्नर मार्क सॅनफर्ड यांनी आपल्या राज्याचा या निधीतील वाटा घेण्याचे नाकारले. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जून २००९ मध्ये न्यायालयाने त्यांना निधीसाठी अर्ज करण्याचा आदेश दिला. आपल्या राज्यांवर अगदी तसेच बंधन नाही. परंतु केंद्राचे कर्ज शिल्लक असलेल्या राज्याला नवे कर्ज काढण्यास संविधानाच्या अनुच्छेद २९३ नुसार केंद्राची संमती लागते, त्यामुळे हा पेच आपल्यालाही सर्वस्वी परका नाही.

बांधकामांच्या बाबतीत मात्र विरोधकांचा पहिला आक्षेप बऱ्याच अंशी खरा ठरला. कुदळ मारली की सुरू होतील अशी कामे तयार आहेत, असे शासनाने सांगितले होते. प्रत्यक्षात परवाने, निविदा, जमिनीचे प्रश्न यांत महिने गेले. असे तयार काम म्हणून काही नसतेच, अशी कबुली खुद्द ओबामा यांनी २०१० साली एका मुलाखतीत दिली. त्यांच्या तज्ज्ञांचे भाकीतही चुकले. कायदा संमत झाल्यास बेकारी सुमारे आठ टक्क्यांवर थांबेल, असे जानेवारी २००९ मध्ये सांगण्यात आले होते; ऑक्टोबरमध्ये ती दहा टक्क्यांवर गेली. समर्थकांचे उत्तर असे, की रोगच मुळात कमी लेखला गेला होता. २००८ च्या अखेरच्या तिमाहीत उत्पादन वार्षिक ३.८ टक्के दराने घटल्याचे प्रथम जाहीर झाले. नंतरच्या दुरुस्तीत हा आकडा आठ टक्क्यांहून अधिक निघाला. हे उत्तर खरे आहे. मात्र मतदाराला ते पटवून देता आले नाही. २०१० च्या निवडणुकीत प्रतिनिधिगृह रिपब्लिकन पक्षाकडे गेले. त्याच डिसेंबरमध्ये उभय पक्षांनी तडजोड करून सामाजिक सुरक्षेसाठी वेतनातून घेतला जाणारा कर २०११ पुरता ६.२ वरून ४.२ टक्क्यांवर आणला. पुढची चालना मुख्यतः करसवलतीच्या वाटेने आली.

आपल्याकडील वाट

त्याच मंदीत भारताने दोन्ही मार्ग एकदम धरले. डिसेंबर २००८ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्कात सरसकट चार टक्क्यांची कपात केली आणि २०,००० कोटी रुपयांचा जादा योजनाखर्चही जाहीर केला. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणण्यात आला. यामुळे सुमारे १.४५ लाख कोटी रुपयांचे उत्पन्न सोडावे लागेल, असे तेव्हा सांगण्यात आले. त्या वेळीही तोच वाद झडला. कारखान्यांना भांडवल कमी पडते आहे की गिऱ्हाईक, असा तो प्रश्न होता. गुंतवणुकीचे निर्णय दहा-वीस वर्षांच्या हिशेबाने होतात, त्यामुळे अशा कपातीचे मोजमाप एका वर्षात करता येत नाही, हे समर्थकांचे म्हणणेही दुर्लक्षिण्याजोगे नाही.

परंतु अमेरिकेत जी अडचण आली, ती तयार कामांच्या अभावाची. आणि तिच्यावरचा उपाय महाराष्ट्राने फार पूर्वी शोधला होता. १९७२-७३ च्या दुष्काळात, मे १९७३ च्या सुमारास, राज्यातील सुमारे ५० लाख मजूर दुष्काळी कामांवर होते. इतक्या लोकांना खडी फोडण्यापलीकडे काम देणे त्या घाईत कठीण गेले. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. या योजनेत पाझर तलाव, नालाबांध, मृदसंधारण, रस्ते यांच्या मंजूर कामांचा साठा तालुक्याच्या पातळीवर आगाऊ तयार ठेवण्याची पद्धत होती. मागणी आली की साठ्यातून काम काढावयाचे. जेथे सर्वेक्षण व अंदाजपत्रके वेळेवर झालेली असत, तेथे पहिल्या आठवड्यात हजेरीपट सुरू होई. जेथे नसत, तेथे मजुरांचे अर्ज पडून राहत. वॉशिंग्टनमधील वादात ज्याला सर्वांत कमी जागा मिळाली, तो हा कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावरचा भाग होता.

निधीच्या बाबतीत तर महाराष्ट्राने या वादाची चौकटच ओलांडली. ही योजना केवळ कर्जावर उभारलेली नव्हती, आणि करसवलत देणे दूरच, तिच्यासाठी नवा कर बसविण्यात आला. १९७५ च्या कायद्याने आलेला व्यवसाय कर नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांजकडून घ्यावयाचा आणि राज्याने त्यात तितकीच भर घालून ग्रामीण मजुरीसाठी वापरावयाचा, अशी ती रचना होती. गुणकाचा हिशेब येथेही लागू पडतो. महिन्याला थोडी रक्कम गेल्याने पगारदाराच्या घरचा बाजार फारसा आटत नाही, तीच रक्कम मजुराच्या हाती पडली की दुसऱ्या दिवशी बाजारात येते. शहरातील करदात्यांत तेव्हा याविषयी नाराजी नव्हती, असे नाही. ज्याला लाभ दिसतो तो खेड्यात आणि ज्याच्या वेतनातून रक्कम जाते तो शहरात, अशी ही विभागणी होती.

संविधानाने या कराला वर्षाकाठी २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. पूर्ण दराने तो भरणाऱ्या कर्मचाऱ्याच्या वेतनपत्रकात दरमहा २०० रुपयांची कपात दिसते. अकरा महिन्यांचे २,२०० होतात. म्हणून उरलेले ३०० रुपये फेब्रुवारीच्या वेतनातून कापले जातात. फेब्रुवारीत शंभर रुपये अधिक का गेले, असे अनेक शिक्षकबंधू दरवर्षी लेखा शाखेत विचारतात.