मोटारीच्या मागील ब्रेकचा आवाज : कारणे, परीक्षा व उपाय

कापसाची वेचणी सुरू झाली की वऱ्हाडातील रस्ते रात्रंदिवस वाहू लागतात. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या भागांतील कापूस जिनांकडे निघतो, तर वरूड-मोर्शीकडील संत्री बाजारपेठेकडे जातात. पूर्वी ही वाहतूक बैलगाडीने होत असे. चाक कुरकुरू लागले की गाडीवान आसाला वंगण घालीत असे व कुरकुर थांबत असे. आता बैलगाडीचे बरेचसे काम पिकअप, जीप व मोटार यांजकडे आले आहे. परंतु चाक वाजले की तेल सोडावे, ही बैलगाडीची सवय मोटारीच्या ब्रेकला लावणे प्राणघातक होय. आसाचे काम सहज फिरण्याचे आहे, तर ब्रेकचे काम घर्षणाने चाक थांबविण्याचे आहे. ब्रेकमध्ये तेल गेले की आवाज कदाचित बंद होईल, पण त्याबरोबर घर्षणही जाईल. सबब ब्रेकचा आवाज दाबावयाचा नसून त्याचे कारण शोधावयाचे असते, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

रस्ते सुधारल्याने ही काळजी अधिकच आवश्यक झाली आहे. अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचे डांबरीकरण सुमारे साडेपाच तास अधिक १०० तासांत पूर्ण झाल्याचे अनेकांना आठवत असेल. रस्ता चांगला झाला की वेग वाढतो. ताशी ४० किलोमीटरऐवजी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन थांबविताना ब्रेकला दुप्पट नव्हे, तर चौपट उष्णता सोसावी लागते. त्यात कापसाचे किंवा संत्र्यांचे ओझे असेल तर उष्णता त्या प्रमाणात आणखी वाढते.

मागील ब्रेकची रचना

बहुतेक पिकअप, जीप व लहान मोटारींच्या मागील चाकांस ड्रम-ब्रेक असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या ड्रमच्या आत अर्धवर्तुळाकार दोन शू असतात व त्यांवर अस्तर, म्हणजे लायनर, बसविलेले असते. पायाने ब्रेक दाबला की ब्रेक ऑइलच्या दाबाने लहान सिलिंडर शूंना बाहेर ढकलतो व लायनर ड्रमला घासून चाक थांबते. पाय काढताच स्प्रिंगा शूंना मागे ओढतात. ड्रम झाकलेला असल्याने आत शिरलेली धूळ व काळ्या मातीचा चिखल सहजी बाहेर पडत नाही. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात खाऱ्या पाण्याने गाडी धुतल्यास ड्रमला व हँडब्रेकच्या तारेला गंज लवकर चढतो.

आवाज कसा ओळखावा?

प्रथम आवाज मागील ब्रेकचाच आहे याची खात्री करावी. मोकळ्या, सपाट व निर्मनुष्य जागी गाडी ताशी १० ते १५ किलोमीटर वेगाने चालवावी. हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो हळूहळू ओढावा. बहुतेक वाहनांत हँडब्रेक केवळ मागील चाकांवर चालतो. त्यामुळे एवढ्यानेच आवाज आला तर दोष मागेच आहे असे समजावे. काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागील दांड्यावर असतो. तेथे ही परीक्षा लागू पडत नाही. त्यानंतर आवाजाचा प्रकार पाहावा :

१. सकाळी किंवा पावसानंतर पहिल्या दोन-तीन वेळा खरखर येऊन ती थांबते : ड्रमवरील गंजाचा पातळ थर निघतो. चिंतेचे कारण नाही.

२. हलका ब्रेक लावताच बारीक चीं-चीं : आत धूळ साचली आहे, लायनर काचेसारखा गुळगुळीत झाला आहे, किंवा शू ज्या पाठपत्र्यावर टेकतो त्या जागा कोरड्या पडल्या आहेत.

३. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खर्र-खर्र : लायनर संपून रिबिटे किंवा शूचा पत्रा ड्रमला लागत आहे. गाडी तेथेच उभी करावी. ओझे असल्यास ते दुसऱ्या वाहनात घालावे.

४. ब्रेक लावताना किंवा गाडी मागे-पुढे घेताना एकच ठक् : शू धरणारी स्प्रिंग तुटली किंवा सैल झाली असावी. तत्पूर्वी चाकाचे नट मात्र अवश्य तपासावेत.

५. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर ठराविक घर्र, आणि पायाखाली पेडल धडधडणे : ड्रमचा गोलाकार बिघडला आहे.

६. ब्रेक न दाबताही आवाज : हँडब्रेक अडकला आहे, किंवा ब्रेक अति घट्ट बसला आहे. थोडे अंतर चालवून थांबल्यावर दोन्ही मागील चाकांजवळ हात न लावता ऊब पाहावी; एक चाक अधिक तापलेले असल्यास दोष त्याच बाजूस आहे. आवाज वेगाबरोबर वाढत असेल, वळणावर बदलत असेल, व ब्रेकशी त्याचा संबंध दिसत नसेल, तर चाकाचे बेअरिंग तपासून घ्यावे.

उघडून पाहताना

गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करून पुढील चाकांस दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत. नंतर जॅकने गाडी उचलून मजबूत स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही हात वा डोके घालू नये. हँडब्रेक सोडून ड्रम ओढावा. अडकला तर लाकडी हातोड्याने कडेला हलके ठोके द्यावेत. गरम ड्रमवर पाणी मुळीच ओतू नये. त्यास तडा जातो.

आतील भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकू नये. अनेक जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे व त्याची धूळ फुप्फुसांस अपायकारक आहे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे स्प्रिंगा कशा बसतात हे दुसरी बाजू पाहून समजते. लायनर सर्वसाधारणपणे १.५ मिलिमीटरपर्यंत आला असल्यास बदलावा. नेमकी मर्यादा वाहनाच्या पुस्तिकेत पाहावी. ड्रमला किती घासता येईल याचा कमाल व्यास बहुधा त्यावरच कोरलेला असतो. त्याहून मोठा झालेला ड्रम लेथवर न नेता बदलावा.

उपाय

केवळ धूळ असल्यास ती साफ करावी. गुळगुळीत झालेला लायनर पाण्याने ओला करून पॉलिश पेपरने हलका घासावा. पाठपत्र्यावर शू टेकतो त्या जागी उष्णता सोसणारे ब्रेकचे ग्रीस अगदी थोडे लावावे. लायनर व ड्रमला ते लागू देऊ नये. लायनर तेलाने भिजला असेल तर तो धुऊन, जाळून किंवा मातीने घासून पुन्हा वापरू नये. तेल आसाच्या सीलमधून आले की ब्रेक सिलिंडरमधून, हे पाहून प्रथम ती गळती दुरुस्त करावी. लायनर नेहमी दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदलावेत. एकच बदलल्यास गाडी एका बाजूस ओढली जाते.

ब्रेक ऑइलच्या डब्यात इंजिनाचे तेल किंवा रॉकेल घालू नये. त्याने आतील रबर फुगते व ब्रेक निकामी होतो. सिलिंडर, नळ्या व बेअरिंग यांची दुरुस्ती जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावी.

जोडणी झाल्यावर गाडी हलविण्यापूर्वी पेडल अनेक वेळा दाबून ते टणक होते की नाही पाहावे. नट समोरासमोर आळीपाळीने आवळावेत व थोडे अंतर चालवून पुन्हा तपासावेत. पहिले दोन-तीनशे किलोमीटर एकदम जोराचा ब्रेक टाळावा, म्हणजे लायनर ड्रमशी नीट जुळतो.

चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे ओझ्यासह उतरताना केवळ ब्रेकवर विसंबू नये. खालच्या गिअरमध्ये उतरावे. ब्रेक फार तापला की चांगला लायनरही पकड सोडतो, आणि तो वाजत असलेला ब्रेक असेल तर घाटात सावरण्यास अवधी मिळत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वेचणीपूर्वी गावातील वाहने एकत्र आणून ही परीक्षा करून दाखवावी. एका सकाळीत हे काम सहज होण्यासारखे आहे. वाजणारा ब्रेक वेळीच सूचना देत असतो. ती सूचना ऐकणाऱ्याचा कापूस व कुटुंब, दोन्ही सुखरूप घरी पोहोचतात.