महाराष्ट्रातील शालेय मिश्र अध्ययन: बालचित्रवाणीपासून सेतू अभ्यासक्रमापर्यंत

महाराष्ट्राच्या शाळांत तंत्रज्ञान शिरले ते करोनाच्या टाळेबंदीत, असा समज अलीकडे रूढ होऊ लागला असला, तरी या प्रवाहाचा माग काढू गेल्यास तो 1984 साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘बालचित्रवाणी’ या संस्थेपर्यंत जातो. इन्सॅट उपग्रहामुळे दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण खेड्यांपर्यंत नेणे शक्य झाल्यावर, प्राथमिक वर्गांतील मुलांसाठी त्यांच्याच भाषेत शैक्षणिक कार्यक्रम तयार करण्याकरिता काही राज्यांत अशा संस्था उभारण्यात आल्या, त्यांपैकी ही एक होती. तिचे कार्यक्रम कल्पक होते. परंतु प्रक्षेपणाची वेळ शाळेच्या वेळापत्रकाशी जुळवणे शिक्षकाच्या हाती नव्हते आणि मूल अडले तिथे कार्यक्रम थांबवून पुन्हा समजावून सांगण्याची सोयही नव्हती. मिश्र अध्ययन म्हणजे वर्गातील प्रत्यक्ष अध्यापन आणि ध्वनिचित्र किंवा संगणकीय साहित्यावरून होणारे अध्ययन यांची एकाच पाठाच्या नियोजनात घातलेली सांगड. ही व्याख्या लावली, तर बालचित्रवाणीच्या काळात साहित्य होते, सांगड मात्र नव्हती. निधीअभावी खंगत गेलेली ही संस्था 2017 मध्ये बंद करण्यात आली, आणि तीन दशकांत साठलेला निर्मितीचा अनुभव पुढच्या योजनांच्या उपयोगी पडू नये, ही हानी शासनाने फारशी मनावर घेतली नाही.

2004 नंतर केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान योजनेतून माध्यमिक शाळांत संगणक कक्ष आले, पण तेथे संगणक हा शिकण्याचा विषय राहिला. गणित किंवा भूगोल शिकण्याचे साधन तो क्वचितच झाला.

खरा बदल खालून आला. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरची जिल्हा परिषद शाळा डिजिटल झाल्याचे पाहून इतर जिल्ह्यांतील शिक्षक तेथे भेटी देऊ लागले, आणि जून 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यावर गावोगावी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर व टॅब घेतले गेले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड, म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरताच संबंधित चित्रफीत किंवा ध्वनिफीत उघडणारी चौकोनी खूण, छापण्याची कल्पना राबवली. ती पुढे बालभारतीच्या पुस्तकांत आली आणि 2020 मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. या खुणेचे मर्म असे की, साहित्य नेमक्या त्या धड्याच्या पानावर येऊन बसले आणि ते केव्हा उघडायचे, हे शिक्षकाने ठरवायचे होते. तथापि, गावाने वर्गणी काढून घेतलेल्या उपकरणांच्या दुरुस्तीची आणि शाळेच्या वीजबिलाची कायमची तरतूद झाली नाही, त्यामुळे बिल थकून मीटर तोडले गेलेल्या शाळांत प्रोजेक्टर कपाटात पडून राहिले. फीत कापण्याचा समारंभ होतो आणि बिलाचा प्रश्न मुख्याध्यापकावर सोडला जातो, ही धोरणाचीच उणीव होती.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2017-18 च्या आकडेवारीनुसार देशाच्या ग्रामीण भागात संगणक असलेली कुटुंबे 4.4 टक्के आणि इंटरनेटची सोय असलेली 14.9 टक्के होती. तरीही ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला व्हॉट्सअ‍ॅपवरून रोज धाडली जाऊ लागली. केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेने पहिली ते आठवीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांच्या दोनच ऑनलाइन तासिकांची मर्यादा सुचवली होती, पण अनेक घरांत फोन एक आणि मुले दोन-तीन, तोही कामावर जाणाऱ्या वडिलांच्या खिशात, रिचार्ज संपलेला किंवा रेंज नसलेला, अशी स्थिती असल्याने ही मर्यादा गाठण्याचाच प्रश्न नव्हता. जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेली ‘टिलीमिली’ ही मालिका त्या मानाने अधिक दूर पोहोचली, कारण ती घरात व परिसरात करून पाहण्याच्या कृतींवर बेतलेली होती. सोलापूरच्या नीलमनगर या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत तर शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच धडे रंगवून घेतले. अंतर राखून मुले एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे जात आणि शिक्षक फिरून शंका सोडवत. पालघर जिल्ह्यातील पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवणारी ‘बोलकी शाळा’ याच जातीची. यांतील कित्येक उपक्रमांना ऑनलाइन म्हणता येत नाही, पण मिश्र अध्ययनाच्या व्याख्येत तेच अधिक बसतात, कारण त्यांत साधनाच्या जोडीला शिक्षकाची फेरी होती.

जुलै 2021 मध्ये मागील इयत्तेची उजळणी करून घेणारा 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला, तोही शाळा बंद असतानाच. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग 1 डिसेंबर 2021 रोजी भरले आणि जानेवारी 2022 मध्ये काही दिवस पुन्हा बंद झाले. म्हणजे जून 2020 मध्ये पहिलीत नाव घातलेली मुले बाराखडी ज्या वयात गिरवतात, ते वय घरीच घालवून 2022 मध्ये तिसरीत गेली. त्याच वर्षीच्या ‘असर’ या देशव्यापी ग्रामीण पाहणीत तिसरीतील ज्या मुलांची वाचनचाचणी झाली, ती हीच तुकडी: दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे देशातील प्रमाण 2018 मधील 27.3 टक्क्यांवरून 20.5 टक्क्यांवर आले होते. या पाहणीच्या आधीच, 2022 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, शाळा बंद राहिल्याने झालेल्या शैक्षणिक हानीवरचा उपाय म्हणून शैक्षणिक वाहिन्यांची संख्या 12 वरून 200 करण्याची घोषणा झाली. या वाहिन्यांवरील पाठ वर्गात कोणत्या तासाला, कोणाच्या मदतीने आणि कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानाशी जोडून पाहायचे, हा 1984 पासून शिल्लक असलेला प्रश्न त्या घोषणेतही अनुत्तरितच होता.